यमनाप्पाची वही

रात्री दोनला यमनाप्पा दारं वाजवायचा,
कडी नाही, काठीच्या टोकानं, चौकटीच्या खालच्या अंगाला,
म्हणजे जायचंय तोच उठेल,
पोरं झोपलेली राहतील.
आमच्या दाराला तीन ठोके. दस्तगीरचाचांना दोनच,
त्यांची झोप सशाची.
मग कंदील वर धरून वही पुढं करायचा :
"सही कर दाजी, चारची मालगाडी हाय."
वडील अर्ध्या झोपेत करायचे सही.
रुळावरून घसरलेल्या डब्यांसारखी,
ओळीबाहेर.

मिरजेच्या लोको शेडमागं आमची चाळ.
बारा खोल्या, एक नळ,
आणि नळावर भांडणाऱ्या सगळ्याजणींच्या
टाचांच्या भेगा सारख्याच काळ्या.

कोळसा कुठून यायचा, ठाऊक नव्हतं.
लांबून, एवढंच.
वॅगनवर खडूनं लिहिलेलं आईला वाचता यायचं नाही.
ती ढेकूळ उचलायची, दुसऱ्यावर आपटायची.
"ह्यो खणखणतोय, जळंल.
ह्यो बद बोलतोय, दगुड हाय."
तिकडं भुईच्या पोटात जे फोडतात
त्यांच्या बायकाबी असंच आपटून बघत असतील का गं,
असं तिनं एकदा विचारलं, चाळण हलवता हलवता.
आम्ही हसलो होतो.

इंजिनाची राख खड्ड्यात पडायची, तांबडी, फुसफुसत.
बायका पाणी मारून भोवती बसायच्या,
न जळलेलं वेचायच्या.
ज्या घरातून सकाळी धूर निघाला नाही
तिथं पाटीभर तुकडे जायचे, न विचारता.
हिशेब नव्हता. विसरही पडत नव्हता.
सॅम्युअल आवळेचा हात पोळला
तेव्हा दोन महिने त्याची पाळी तिघांनी वाटून घेतली,
साहेबाला माहीत होतं,
साहेबानं त्या पानापुरता चष्मा काढून ठेवला.

वडील फावड्यावर वांगी भाजायचे.
कवठेमहांकाळ येईतो भरीत तयार.
तसं भरीत मला गॅसवर
अजून एकदाही जमलेलं नाही.

डिझेल आलं तेव्हा कुणी रडलं नाही.
खरं सांगायचं तर वडिलांना आवडलं.
बसायला सीट. डोक्यावर पंखा.
संध्याकाळी सदरा पांढराच घरी यायचा,
आई तो उलटासुलटा करून बघायची,
काय धुवायचं ते तिला कळायचं नाही.
दस्तगीरचाचा म्हणाले, "हिला भूक नाही,
जिला भूक नाही तिच्याशी बोलायचं काय?"
आणि खोकत बसले. त्या खोकल्यालाही
कुणी हार घातला नाही, इंजिनाला घातला तसा.

मग कागद आले. हुबळी. सोलापूर. दौंड.
एकेक टेम्पो भरत गेला :
ट्रंक, पाळणा, शेगडी.
शेगडी कशाला, तिकडं कोळसा कुठाय,
असं कुणी कुणाला म्हटलं नाही.
एका सकाळी नळाला रांगच नव्हती.
पाणी नुसतं वाहत होतं, धो धो,
आणि मला आयुष्यात पहिल्यांदा
त्या नळाची भीती वाटली.

गेल्या शिमग्यात यमनाप्पा आमच्या फ्लॅटवर आला.
लिफ्टमधून नाही, जिन्यानं. बेल असून
चौकटीला खाली तीन ठोके.
पिशवीतून वही काढली.
"रद्दीवाला म्हणला वजन भरंना. ठेव तुझ्याकडं."
चहा घेतला, बशीत ओतून. उठला, गेला.

वडिलांची सही सापडली. आवळेची.
ज्यांना लिहिता यायचं नाही त्यांचे अंगठे,
शाई लागलीच नव्हती कुणाला,
अंगठा टेकला की उमटायचा.

आईला आता दिसत नाही फारसं.
तिनं पानावरून बोट फिरवलं,
दुसऱ्या बोटावर घासलं, नाकाशी नेलं.
"भुकटी हाय," म्हणाली. "दगुड मिसळलेली.
त्या रात्री गाडी चढावर धापली असंल बघ."